टीव्ही कोणासाठी थांबतो?

(वस्तीतल्या बुद्धविहारात तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एका पोराने मला मध्येच टोकलं. म्हणाला, युद्धाच्या बातमीत टीव्ही मागे पडला आणि इंटरनेट पुढे गेलं, यात एवढं डोकं कशाला फोडायचं? बैलगाडी मागे पडली, मोटार पुढे गेली. यंत्राचा प्रश्न आहे. यात सत्ता कुठे आली, वर्ग कुठे आला, आणि तुम्ही म्हणता ती जात तर कुठेच आली नाही.

पोरगं हुशार आहे. बोलायला घाबरत नाही, हे तर फारच चांगलं. पण त्याचं उत्तर चुकलंय. कसं चुकलंय ते सांगायलाच मी आज उभा आहे.

२००४ सालची गोष्ट घ्या. बगदादच्या जवळ अबू गरीब नावाचा तुरुंग. सद्दामच्या राज्यात तिथे माणसं छळली जायची. मग अमेरिका 'मुक्ती' घेऊन आली आणि त्याच तुरुंगात तिने माणसं छळायला सुरुवात केली. नागडे करून एकावर एक रचलेले कैदी. गळ्यात पट्टा अडकवून फरशीवर पाडलेला कैदी. डोक्यावर टोपडं चढवलेला, हाताला वायरी बांधलेला, खोक्यावर उभा केलेला माणूस. हे फोटो कुठल्या शूर वार्ताहराने काढलेले नव्हते. पहारा देणाऱ्या सैनिकांनीच ते काढले, आपापल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर, गंमत म्हणून. शिकारीला गेलेला माणूस मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढतो ना, तसे.

हे फोटो सीबीएस या बड्या वाहिनीच्या हातात आले. वाहिनीने काय केलं? दोन आठवडे दाबून ठेवले. अमेरिकी सैन्याचे सर्वोच्च अधिकारी जनरल मायर्स यांनी विनंती केली, की आत्ता दाखवू नका, आमच्या जवानांना धोका आहे. वाहिनीने मान डोलावली. शेवटी २८ एप्रिल २००४ ला ते दाखवले. तेही केव्हा? सेमूर हर्श हा पत्रकार 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात हेच सगळं छापतोय अशी कुणकुण लागली तेव्हा.

आता मला सांगा, इथे बैलगाडी कुठे आहे? फोटो हातात होते. स्टुडिओ तयार होता. उपग्रह डोक्यावर फिरत होता. एक बटण दाबायचं होतं. टीव्हीला उशीर झालाच नाही, टीव्ही थांबला. आणि थांबायचं तर कोणासाठी, हे त्याला नीट ठाऊक होतं. जनरलसाठी थांबला. खोक्यावर उभ्या केलेल्या माणसासाठी कोणी एक मिनिट थांबलं नाही.

टीव्ही मुळात मंद नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. १९९१ सालच्या आखाती युद्धात टीव्हीच सगळ्यांच्या पुढे होता. १७ जानेवारीच्या पहाटे बगदादवर बॉम्ब पडायला लागले, तेव्हा सीएनएनचे तीन वार्ताहर अल-रशीद हॉटेलच्या खोलीतून टेलिफोनच्या तारेवर बोलत होते आणि सारं जग कान देऊन ऐकत होतं. आपल्याकडे पंचतारांकित हॉटेलांत लोक सीएनएन बघत बसले होते. मुंबईत गच्चीवरून गच्चीवर केबलच्या काळ्या वायरी फिरल्या, त्या या युद्धाच्या पाठोपाठ. म्हणजे आपल्या घरात घुसलेला हा चोवीस तासांचा बातमीचा धंदाच मुळी युद्धाच्या पोटी जन्मला.

पण त्या वेगात दिसलं काय? विमानाच्या नाकावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून दिसणारी इमारत, तिच्यावर फुली, मग पांढरा धूर. माणूस कुठेच नाही. वरून बघणाऱ्याला खाली माणूस दिसत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १३ फेब्रुवारीला बगदादच्या अमिरिया वस्तीतल्या बॉम्ब-निवाऱ्यावर अमेरिकेने दोन बॉम्ब टाकले. चारशेहून जास्त माणसं आत भाजून मेली. बहुतेक बायका आणि पोरं. अमेरिका म्हणाली, ते लष्करी केंद्र होतं. सीएनएनचा पीटर आर्नेट बगदादमध्येच राहून दिसतं ते सांगत होता, तर त्याच्याच देशातले पुढारी त्याला शत्रूधार्जिणा म्हणायला लागले. बाकीच्या वार्ताहरांचे छोटे छोटे गट केलेले. प्रत्येक गटाबरोबर लष्कराचा अधिकारी, आणि लिहिलेला मजकूर आधी लष्कराच्या नजरेखालून जायचा. केन जारेक या छायाचित्रकाराने गाडीत जळून कोळसा झालेल्या एका इराकी सैनिकाचा फोटो काढला. अमेरिकेत वृत्तसंस्थेच्या कचेरीनेच तो अडवला. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'ने छापला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने आणखी एक गोष्ट केली: मेलेल्या सैनिकांच्या शवपेट्या डोव्हरच्या विमानतळावर उतरतात, त्यांचे फोटो घ्यायला बंदी. स्वतःचं मढंसुद्धा दिसता कामा नये!

आता २००३ ला येऊ. इराकवर दुसरं आक्रमण. २० मार्च.

यावेळी अमेरिकी लष्कराने जास्त शहाणपणा केला. वार्ताहरांना अडवायचं कशाला? त्यांना गाडीतच घ्या. सहाशेहून जास्त वार्ताहर लष्कराच्या तुकड्यांत बसवले. त्यांना 'एम्बेडेड' म्हणत. सैनिकांच्या गाडीत बसायचं, सैनिकांचं खायचं, त्यांच्या बंदुकीच्या आडोशाने झोपायचं आणि मग निःपक्षपाती बातमी द्यायची. आपल्या भाषेत सांगतो. पाटलाच्या जीपमध्ये बसून महारवाड्यावरच्या हल्ल्याची बातमी लिहायला निघालेला पत्रकार डोळ्यांपुढे आणा. तो खोटारडाच असेल असं नाही. कदाचित प्रामाणिकही असेल. पण त्याला जीपमधून जेवढं दिसतं तेवढंच तो लिहिणार. आणि पाटलाने चहा पाजलेला असतो.

घरच्या बाजूलाही बंदोबस्त झालेला होता. एमएसएनबीसी वाहिनीवर फिल डोनाह्यू नावाचा जुना, लोकप्रिय माणूस युद्धाला विरोध करणाऱ्यांना बोलावून बोलू द्यायचा. फेब्रुवारी २००३ मध्ये, युद्धाला महिना राहिला असताना, त्याचा कार्यक्रम बंद. कारण दिलं प्रेक्षकसंख्येचं. नंतर वाहिनीतलं एक आतलं टिपण फुटलं. त्यात साधारण असं लिहिलेलं होतं, की युद्धाच्या काळात हा चेहरा वाहिनीला अडचणीचा ठरेल. हे टिपण लोकांसमोर आणलं एका छोट्या संकेतस्थळाने. आणि या वाहिनीत मोठी भागीदारी होती जनरल इलेक्ट्रिक कंपनीची. ती कंपनी लढाऊ विमानांची इंजिनं बनवायची. आता या वाहिनीने शांततेच्या बाजूने बोलावं अशी अपेक्षा करणारा माणूस भाबडा नाही तर कोण?

९ एप्रिलला फिरदोस चौकात सद्दामचा पुतळा पाडला. तुमच्यातले काही तेव्हा जन्मलेही नसतील, पण ते दृश्य तुम्ही पाहिलेलं आहे. टीव्हीवर अख्खा पडदा माणसांनी भरलेला. वाटावं, सारं बगदाद रस्त्यावर उतरलंय. मग इंटरनेटवर त्याच चौकाचा लांबून घेतलेला फोटो फिरायला लागला. चौक बराचसा रिकामा. मध्ये थोडी माणसं आणि भोवती रणगाडे. पुढे अमेरिकी लष्कराच्याच एका अहवालात निघालं, की पुतळा पाडायचा निर्णय त्यांच्या एका कर्नलचा होता आणि लोकांना गोळा करायला मानसशास्त्रीय युद्धाची तुकडी मदतीला होती. कॅमेरा खोटं बोलला नाही हो. त्याला फक्त जवळ उभं केलं.

आणि याच सगळ्या काळात बगदादमध्येच एक माणूस घरात बसून लिहीत होता.

स्वतःला सलाम पॅक्स म्हणायचा. सलाम म्हणजे अरबीत शांती, पॅक्स म्हणजे लॅटिनमध्ये शांती. व्यवसायाने वास्तुशिल्पी, तिशीच्या आतबाहेरचा. परदेशात गेलेल्या रईद नावाच्या मित्रासाठी तो २००२ पासून इंटरनेटवर रोजनिशी लिहायचा. युद्ध जवळ आलं तशी ती रोजनिशी जगभरातले लोक वाचायला लागले. लिहायचा काय? मोठं काहीच नाही. घरात पाणी भरून ठेवलं. काचांना चिकटपट्ट्या लावल्या. नातेवाईक आमच्याकडे राहायला आले. बाजारात काय महागलं. पण त्यातली एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. इंग्लंडमधल्या फेअरफर्डच्या तळावरून बी-५२ विमानं उडाली की टीव्हीवाले ते दाखवायचे. हा बगदादमध्ये बसून ते बघायचा आणि हिशेब करायचा: विमानाला इराकला पोचायला सुमारे सहा तास लागतात. म्हणजे बॉम्ब अमुक वाजता.

विचार करा जरा. तेच विमान, तोच टीव्ही. लंडनमधला माणूस सोफ्यावर बसून विमानाचं उड्डाण बघतो आणि जेवायला उठतो. बगदादमधला माणूस तेच उड्डाण बघतो आणि घड्याळ लावतो. टीव्हीने पहिल्या माणसासाठी बातमी केली. दुसऱ्या माणसाला काय कळलं हे सांगणारा टीव्हीत कोणी नव्हता, ते त्याने स्वतः सांगितलं. युद्धाच्या बातमीत इंटरनेट पुढे गेलं ते इथे. वेग तर दोघांना सारखाच होता.

गंमत पुढेच आहे. बाहेरचे शहाणे म्हणायला लागले, हा सलाम पॅक्स खरा नाहीच. सीआयएचा माणूस असेल, सद्दामचा असेल. इराकी माणूस इतकं नीट इंग्रजी लिहिल कसा, इतका विनोद करेल कसा? ओळखीचं वाटतंय का? आपली पोरं पहिल्यांदा लिहायला लागली, तेव्हा हेच विचारलं गेलं: हे तुम्हीच लिहिलं का? शेवटी उलगडा कसा झाला? पीटर मास हा अमेरिकी वार्ताहर बगदादमध्ये आठवडेच्या आठवडे एका दुभाष्याला घेऊन हिंडला होता. परत गेल्यावर सलामचं लिखाण वाचताना त्याच्या लक्षात आलं, की यातली माणसं, जागा, प्रसंग माझ्या ओळखीचे आहेत, माझा दुभाषी तोच सलाम पॅक्स! सगळ्या जगाला हवा असलेला माणूस याच्या शेजारी बसलेला होता, याच्यासाठी भाषांतर करत होता, आणि याला पत्ता नव्हता. मासने हे स्वतः प्रांजळपणे लिहिलं, म्हणून त्याला मी शिव्या देणार नाही. पण आपल्या वस्त्यांवर येऊन पीएच.डी. करून जाणारे आठवले. ज्या म्हातारीने सगळं सांगितलं, तिचं नाव कुठल्या तळटिपेत?

आता इथेच मी ब्रेक लावतो. कारण तुम्ही टाळ्या वाजवण्याच्या बेतात आहात.

सलाम पॅक्स गरीब नव्हता. व्हिएन्नात वाढलेला, इंग्रजी फाडफाड लिहिणारा, घरात संगणक आणि टेलिफोन असलेला. बगदादच्या पूर्वेला लाखो गरीब शिया कष्टकऱ्यांची वस्ती होती, तेव्हा तिचं नावच होतं सद्दाम सिटी. त्या वस्तीतल्या धुण्याभांड्याच्या बाईची रोजनिशी २००३ मध्ये कोणी वाचली? ती नव्हतीच. इंटरनेटने टीव्हीच्या मक्तेदारीला भोक पाडलं, ठीक. पण त्या भोकातून पहिल्यांदा मध्यमवर्गच बाहेर आला. आपल्याकडेही तसंच झालं. म्हणून उगाच 'इंटरनेट म्हणजे क्रांती' असं कोणी बोलायला लागलं, की मी खिशात हात घालून पाकीट जागेवर आहे का बघतो.

टीव्हीतली काही माणसंही घुसमटत होती, हेही सांगितलं पाहिजे. केव्हिन साइट्स हा सीएनएनचा वार्ताहर इराकच्या उत्तरेतून स्वतःच्या संकेतस्थळावर लिहायचा. युद्ध सुरू होताच वाहिनीने त्याला ते बंद करायला लावलं. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये, तो एनबीसीसाठी फलूजात होता. तिथल्या मशिदीत एका अमेरिकी मरीनने जखमी, निःशस्त्र इराक्याला गोळी घालून मारलं, ते साइट्सच्या कॅमेऱ्यात आलं. त्याच्यावर देशद्रोहाच्या शिव्या बरसल्या, मारण्याच्या धमक्या आल्या. त्याने उत्तर दिलं ते कुठे? स्वतःच्या संकेतस्थळावर, मरीन सैनिकांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात. मी काय पाहिलं, का दाखवलं, सगळं सविस्तर. टीव्हीच्या माणसाला आपलं मन मोकळं करायला टीव्हीवर जागा नव्हती.

आणि त्या शवपेट्या! रस किक नावाच्या एका माणसाने माहितीच्या कायद्याखाली साधा अर्ज केला: डोव्हरला उतरलेल्या शवपेट्यांचे लष्करानेच काढलेले फोटो द्या. आधी नकार. त्याने अपील केलं. लष्कराच्या बाबूंनी चुकून म्हणा, सवयीने म्हणा, तीनशेहून जास्त फोटोंची सीडी पाठवून दिली. एप्रिल २००४ मध्ये त्याने ते आपल्या 'मेमरी होल' या संकेतस्थळावर चढवले. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर तेच फोटो. अब्जावधीचा कारभार असलेल्या वाहिन्या एका माणसाच्या एका अर्जाच्या मागून लंगडत आल्या. अर्ज त्यांनाही करता आला असता. माहितीचा कायदा आपल्याकडेही आहे, २००५ पासून. आपल्यातल्या किती जणांनी तो वापरलाय, हात वर करा. …असो.

इंटरनेट नव्हतं तेव्हाही हे असंच होतं. व्हिएतनाममध्ये माय लाय गावात १६ मार्च १९६८ ला अमेरिकी सैनिकांनी शेकडो गावकरी कापून काढले. म्हातारे, बायका, तान्ही पोरं. लष्कराने जाहीर केलं, शत्रूचे १२८ सैनिक मारले. वर्तमानपत्रांनी तेच छापलं. सत्य बाहेर यायला वीस महिने लागले. तेव्हाही हर्शच होता, तरुण, एकटा. मोठ्या मासिकांनी बातमी नाकारली, म्हणून 'डिस्पॅच' नावाच्या कोणाला माहीत नसलेल्या छोट्या वृत्तसंस्थेतून त्याने ती नोव्हेंबर १९६९ मध्ये वर्तमानपत्रांना विकली. त्याच काळात ओकलंडची ब्लॅक पँथरची पोरं स्वतःचं वर्तमानपत्र रस्त्यावर उभी राहून विकत होती. त्यांच्याच नावावरून १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी नाव घेतलं, हे तुम्हाला माहीत आहे. नावाबरोबर ही सवयही आली: दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबायचं नाही.

आणि खैरलांजी? २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावाने मिळून मारली. ते युद्ध नव्हतं म्हणता? बरं. पहिल्या बातम्या आतल्या पानावर आल्या, आणि त्यातही 'अनैतिक संबंधातून'. पोलीस म्हणाले ते छापलं, जसं माय लायमध्ये लष्कर म्हणालं ते छापलं. जवळजवळ महिनाभर टीव्हीला खैरलांजी हे गाव नकाशावर सापडत नव्हतं. सत्य फिरलं ते कार्यकर्त्यांच्या अहवालातून, झेरॉक्स केलेल्या फोटोंतून, एसएमएसमधून, ईमेलमधून. लोक रस्त्यावर आले, तेव्हा ओबी व्हॅन आल्या. आणि मग बातमी काय झाली? दंगल. रेल्वे जाळली. वाहतूक खोळंबली.

म्हणून पोरा, जात कुठे आली असं तू विचारलंस ना, ती इथे आली. कोणाचं मरण बातमी व्हायला अधिकाऱ्याची सही लागते आणि कोणाचं लागत नाही, हे ठरवणारी जागा बगदादसाठी न्यूयॉर्कमध्ये असते आणि भंडाऱ्यासाठी मुंबई-दिल्लीत.

आता अगदी अलीकडचं. मे २०२५. भारत-पाकिस्तान. आता तर आपल्या वाहिन्यांना उशीर अजिबात झाला नाही. उलट! ८ मेच्या रात्री त्या घटनेच्याही पुढे निघून गेल्या. कराची बंदर उद्ध्वस्त, इस्लामाबादेत सैन्य घुसलं, पाकिस्तानात सत्तापालट. यातलं काही घडलेलं नव्हतं. पडद्यावर धूर होता तो गाझातला, सुदानमधला, फिलाडेल्फियात पडलेल्या विमानाचा, आणि चक्क व्हिडिओ गेममधला. पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्याने एक मदरशातला शिक्षक मेला. आपल्याच देशाचा नागरिक, शत्रूच्या गोळ्याने मेलेला. त्याचा फोटो दाखवून काही वाहिन्यांनी त्याला अतिरेकी ठरवलं. नाव मुसलमानाचं, दाढी, टोपी, झालं. पूंछच्या पोलिसांना पत्रक काढून सांगावं लागलं, की हा माणूस निरपराध होता. त्याच्या पोरांनी बापाला पुरायचं का टीव्हीला उत्तरं द्यायची?

हे खोटं एकेक करून उघडं पाडलं ते इंटरनेटवरच्या छोट्या सत्यशोधकांनी. त्याच दिवसांत सरकारने एक्स या समाजमाध्यमाला आठ हजारांहून जास्त खाती बंद करायला सांगितलं, आणि 'द वायर' हे संकेतस्थळही काही काळ बंद झालं. खोटं बोलणाऱ्या वाहिन्या चालू.

पण आपण काय केलं ते बोलू का? बोलतोच. कराची जळाल्याचा तो व्हिडिओ आपल्या वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री फिरला. पाठवणारे आपलेच. निळ्या झेंड्याचा फोटो लावलेले. मीही पाहिला आणि गप्प बसलो, कारण रात्रीचे दोन वाजले होते आणि मला वाद नको होता. माझी ती चूक आहे. इंटरनेट आपल्या हातात आलं म्हणजे आपण टीव्ही झालो नाही, असं कोणी समजू नका. साला, अंगठा दाबायला अक्कल लागत नाही.

आणि हे यंत्र तरी कोणाचं? इंटरनेटची पहिली तार १९६९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशाने जोडली गेली. आज ते चार-पाच कंपन्यांच्या खिशात आहे. सिरियातल्या लोकांनी जीव धोक्यात घालून बॉम्बफेकीचे व्हिडिओ काढले, यूट्यूबवर ठेवले. २०१७ मध्ये कंपनीच्या यंत्राने त्यातले हजारो 'हिंसक मजकूर' म्हणून पुसून टाकले. खुनाचा पुरावा खुनासारखा दिसतो म्हणून पुसला! मणिपूरमध्ये ३ मे २०२३ ला इंटरनेट तोडलं. दुसऱ्या दिवशी दोन बायकांची नग्न धिंड निघाली. देशाने ते पाहिलं १९ जुलैला. अडीच महिने. फोन लोकांच्या हातात होता, तार सरकारच्या हातात.

गाझातही तेच. ऑक्टोबर २०२३ पासून पुढची दोन वर्षं इस्रायलने परदेशी वार्ताहरांना स्वतंत्रपणे आत जाऊ दिलं नाही. जायचं तर लष्कराच्या गाडीतून. पुन्हा पाटलाची जीप! आतलं सगळं दाखवलं ते तिथल्याच पोरापोरींनी आपल्या फोनवर. त्यातले दोनशेहून जास्त पत्रकार आणि माध्यमांत काम करणारी माणसं मारली गेली.

२३ मार्च २०२५ ला राफामध्ये रुग्णवाहिका आणि अग्निशमनच्या गाडीवर इस्रायली सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पंधरा जण मेले. सगळे मदतीला निघालेले. गाड्यांसकट त्यांना वाळूत गाडलं. लष्कर म्हणालं, गाड्या दिवे न लावता संशयास्पद रीतीने येत होत्या. टीव्हीने तेच सांगितलं: 'लष्कराच्या म्हणण्यानुसार'. आठवड्याने प्रेतं उकरली. त्यातल्या एका सेवकाजवळ त्याचा फोन सापडला. मरता मरता त्याने चित्रण चालू ठेवलं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते संकेतस्थळावर दाखवलं. गाड्यांचे दिवे लागलेले आहेत, लाल दिवा फिरतोय. गोळ्यांचा आवाज चालू आहे, आणि तो पोरगा प्रार्थना करतोय, आईची माफी मागतोय, की मी लोकांना मदत करायचा रस्ता निवडला म्हणून. लष्कराला आपलं म्हणणं बदलावं लागलं.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. सरकार म्हणालं, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. ती टँकरची कथा पुढे आयोगासमोर टिकली नाही. पण त्या दिवशी वस्तीतल्या कोणाच्या खिशात फोन नव्हता. आयोगाचा अहवाल यायला वर्ष गेलं, आणि तोपर्यंत महाराष्ट्राच्या निम्म्या घरांत टँकरच पेटलेला होता.

१९२० च्या जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं, तेव्हा पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. बाबासाहेब 'केसरी'च्या दारात बसून राहिले नाहीत. पुढे 'बहिष्कृत भारत' आलं, 'जनता' आलं, 'प्रबुद्ध भारत' आलं. आज त्या अंकांवरून आपण इतिहास लिहितो, कारण कोणीतरी ते अंक जपून ठेवले. तुमच्या फोनमधलं किती उरेल? फोन बदलला की गेलं. खातं बंद झालं की गेलं. व्हिडिओ कोणी, कुठे, कधी काढला हे लिहिलेलं नसलं, तर कोर्टात वकील पहिल्या प्रश्नाला तो उडवून लावतो.

सलाम पॅक्सचं राहिलंच. मार्च २००३ च्या शेवटी बॉम्बफेकीत बगदादच्या तारा गेल्या. त्याची रोजनिशी थांबली. जगभरातल्या वाचकांना वाटलं, मेला. तो मेला नव्हता. तार नसतानाही तो रोजच्या रोज लिहीत होता, तारखा घालून. मे महिन्यात मार्ग सापडल्यावर त्याने सगळ्या जुन्या नोंदी एकदम बाहेर पाठवल्या आणि एका मैत्रिणीने त्या इंटरनेटवर चढवल्या.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला इथेच जमायचं. येताना प्रत्येकाने फोनमध्ये गेल्या दोन वर्षांतला वस्तीचा जो काही पुरावा असेल तो आणायचा: मोर्चा, पाडापाडी, पोलीस आल्याचा व्हिडिओ, काहीही. एक वही आणि दोन हार्ड डिस्क मी आणतो. वहीत तारीख, जागा, काढणाऱ्याचं नाव. एक डिस्क विहारात राहील, दुसरी वस्तीच्या बाहेर. कुठे ते आत्ता सगळ्यांसमोर सांगत नाही.

जयभीम.